लाल झाकणाच्या डब्यातल्या पुड्या

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, सुरतेच्या गोडादऱ्यातल्या भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर, माझ्या भाचीचे उजवे मनगट मोडले. उंबरा वीतभर उंच आहे. तिच्या कडेवर साड्यांचे गाठोडे होते. पाय घसरला आणि तिने हात टेकला. गाठोडे उलगडलेसुद्धा नाही. शेजारच्या काकू ओट्यावर भांडी घासत होत्या. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला, असे त्यांनी मला नंतर सांगितले. भाची तेव्हा सतरा वर्षांची होती.

माझी बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. तिचे सासर आणि आमचे माहेर, दोन्ही साक्री तालुक्यात. दाजी उधन्याच्या एका कापड कारखान्यात लूम चालवतात, बारा तासांची पाळी. बहीण घरी बसून साड्यांना लेस लावते, धागे कापते. भाची शाळेतून आली की तिच्याशेजारी बसते. खोलीला एक दार आणि एक खिडकी आहे. खिडकीसमोर अडीच हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, त्यामुळे दिवसाही ट्यूबलाइट चालू असते. मी सुरतेतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. या घरात इंग्रजी किंवा गुजराती कागद आला, तर तो वाचायला मला बोलावतात.

मनगटाची गोष्ट मनगटापासून सुरू होत नाही. ती भाचीच्या उष्टावणापासून सुरू होते.

आमच्याकडे बाळाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. भाची आठव्या महिन्यात होती. पाटावर मी बसलो, मांडीवर ती. बहिणीने तांदळाची खीर केली होती. मी पहिला चमचा भरवला, तिने तोंड वाकडे केले आणि सगळे हसले. दुसरा चमचा अर्धाच गेला. मग तिच्या ओठांच्या कडेला गांधी उठल्या. काही मिनिटांत ओठ सुजले, पापण्या सुजल्या आणि रडण्याचा आवाज बसला. रडणे दिसत होते, ऐकू येत नव्हते. दाजींनी तिला उचलले, मी रिक्षा थांबवली. मुलांच्या दवाखान्यात तिला मांडीत इंजेक्शन दिले. तासाभराने आवाज परत आला. डॉक्टरांनी सांगितले, दुधाची ॲलर्जी. दूध, दही, तूप, ताक, मावा, सगळे बंद. बहुतेक मुलांची ती शाळेच्या वयापर्यंत जाते, असेही ते म्हणाले. भाचीची गेली नाही.

बहिणीने त्या दिवशी घरातले दूध खालच्या मजल्यावर देऊन टाकले. त्यानंतर त्या खोलीत चहा काळाच होतो. पाहुण्यांनाही काळाच मिळतो. पोळीला तेल लागते, वरणाला तेलाचीच फोडणी. पाहुण्यांनी आणलेले पेढे, देवळातला प्रसाद, वाढदिवसाचा केक, जे जे दुधाचे असेल किंवा असण्याचा संशय असेल, ते एका स्टीलच्या डब्यात जाते. त्या डब्याला लाल प्लॅस्टिकचे झाकण आहे, कारण मूळ झाकण हरवले. डबा सर्वांत वरच्या फळीवर असतो. दाजी पाळीवरून आले की त्यातले काय खायचे ते बाहेर ओट्यावर बसून खातात, हात धुतात, मग आत येतात. भाचीला बोलता येऊ लागले तेव्हा पहिल्या काही शब्दांत ‘लाल डबा’ होता.

एकदाच शिस्त मोडली. भाची सहा वर्षांची असताना चंदी पडव्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या घरात उरलेली तुपामाव्याची घारी तिला कुणीतरी प्रेमाने भरवली. बोराएवढा तुकडा. पुन्हा रिक्षा, पुन्हा इंजेक्शन, आणि या वेळी ऑक्सिजन. शेजारीण दवाखान्याच्या दारात उभी राहून रडत होती. बहीण तिला काही बोलली नाही. पण त्यानंतर भाची कुणाच्याही घरी पाणीसुद्धा प्यायली नाही.

बिस्किटांच्या पुड्यावरचे बारीक अक्षर मी वाचायचो. दुधाची भुकटी कोणकोणत्या नावांनी लिहिली जाते, याची एक यादी मी करून दिली होती. ती अजून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. काय काढायचे ते त्या घरात सगळ्यांना पाठ होते. काढले त्या जागी काय घालायचे, याची यादी कुणी केली नाही. मीही केली नाही.

गावाकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी रोजची होती. सुरतेत बहीण पहिली काही वर्षे नागलीचे पीठ मागवून घ्यायची. भाची चौथीत असताना डब्यात काळी भाकरी बघून वर्गातल्या मुली म्हणाल्या, ‘आ शुं, डांबर खाय छे?’ तिने डबा परत आणला. त्यानंतर गव्हाची पोळी, बटाटा, भात. शेवग्याच्या शेंगा तिला आवडत नाहीत. तीळ वर्षातून एकदा, संक्रांतीला. हे सगळे मला नंतर, आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले तेव्हा, क्रमाने आठवले.

दरवर्षी भाऊबीजेला मी बहिणीकडे जातो. ओवाळून झाले की भाचीची उंची मोजायची, हा त्या घरातला रिवाज. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते, मी डोक्यावर पाठ्यपुस्तक आडवे धरतो आणि पेन्सिलीने खूण करतो. खुणेशेजारी तिची इयत्ता लिहितो. पहिलीपासूनच्या खुणा आहेत. खोली भाड्याची असूनही मालकाने तेवढी चौकट रंगवलेली नाही, कारण बहिणीने त्याला हात जोडून सांगितले.

दहावीत असताना भाचीने पोलीस भरतीत जायचे ठरवले. गल्लीतली एक मुलगी शिपाई झाली होती आणि खाकी कपड्यांत ॲक्टिव्हावरून येत होती, हे त्याचे कारण. दाजींनी भरतीला लागणारी किमान उंची कुणाकडून तरी विचारून आणली आणि मीटरपट्टीने मोजून चौकटीवर निळ्या बॉलपेनने एक आडवी रेघ मारली. ‘ही सरकारनी रेघ,’ ते म्हणाले. त्या भाऊबीजेला भाची रेघेच्या खाली होती. अकरावीच्या भाऊबीजेला ती रेघेच्या वर एक बोट गेली. दाजींनी जिलेबी आणली, पिठात दही आणि तळणीत तूप नाही याची दोनदा खात्री करून.

‘पोलिसमा गयी म्हंजे पहिलं चलान मना फाडजो,’ दाजी तिला म्हणाले.

‘तुमच्याकडे गाडी कुठेय, पप्पा?’

‘सायकलनं फाडजो.’

औषधाच्या पुड्यांची गोष्ट या दोन भाऊबीजांच्या मधली आहे. भाची पंधरा वर्षांची होती. पावसाळा संपत आला होता. तिच्या नडग्या दुखायच्या. ती नुकतीच पळायला लागली होती, पहाटे साडेपाचला, कॅनॉल रोडने, आणि उजाडायच्या आत परत. बहिणीला वाटले, पळण्यामुळे दुखत असेल. दोन महिने झाले तरी थांबेना, म्हणून ती तिला गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे गर्दी होती. बहिणीने सांगितले, पाय दुखतात. डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली, वय विचारले, चिठ्ठी लिहिली. ॲलर्जीबद्दल त्यांनी विचारले नाही आणि बहिणीने सांगितले नाही. गेली कित्येक वर्षे ती जे सांगत आली होती ते खाण्याबद्दल असायचे. हे तर पायाचे होते.

औषधे घेऊन ती घरी आली. मी त्या दिवशी कामावर जाताना तिच्याकडे थांबलो होतो. चिठ्ठी गुजरातीत होती.

‘पेपरमा शे ना तू. वाच. काय लिखेल शे?’

मी वाचले. कॅल्शियमची गोळी, रोज एक, जेवणानंतर. ड जीवनसत्त्वाची पुडी, आठवड्यातून एक, आठ आठवडे. त्यापुढे दोन शब्द होते: दूध साथे. मी मराठीत सांगितले, ‘दुधाबरोबर.’

बहिणीने पुड्या हातातून खाली ठेवल्या.

‘दूधमा?’

‘असं लिहिलंय.’

‘केमिस्टबी तेच बोलना. हफ्ते में एक, बेन, दूध में डाल के दे देना. माले वाटनं, तो सगळासले तेच सांगत असेल.’ मग ती म्हणाली, ‘दूध तर तिले जहर शे, भाऊ.’

मी म्हणालो, ‘मी विचारून सांगतो. तोपर्यंत देऊ नको.’

हे वाक्य मी म्हणालो होतो. बहिणीला ते शब्दशः आठवते आणि मलाही. त्या दिवशी पुरवणीची पाने लागायची होती. मी निघालो. दुसऱ्या दिवशी विचारले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने बहिणीने फोनवर आठवण केली, तेव्हा मी एका बातमीसाठी इच्छापोरला होतो. हो म्हणालो. नंतर तिनेही विचारणे सोडले. भाऊ विसरला असे तिला वाटले नाही. भावाने विचारले असेल, उत्तर नाही असे आले असेल, म्हणून तो काही बोलत नसेल, असे तिला वाटले. हे तिने मला गेल्या डिसेंबरात सांगितले.

कॅल्शियमच्या गोळ्या भाचीने तीन आठवडे घेतल्या. पोट साफ होईना म्हणून बंद केल्या. पुड्यांचे काय झाले, हे मी विचारले नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या पुरवणीत हाडांच्या आरोग्यावर एक लेख आला. लेख बाहेरचा होता, मथळा माझा: ‘मजबूत हाडांसाठी रोज दोन पेले दूध’. सोबतच्या चौकटीत दुधाचे पदार्थ आणि सकाळचे ऊन असे दोन भाग होते. दूध न चालणाऱ्यांनी काय करावे, याला चौकटीत जागा उरली नव्हती. मूळ मजकुरात त्याबद्दल चार ओळी होत्या. जागेसाठी त्या मी काढल्या. ते पान बहिणीच्या घरी फळीवर अंथरलेले मी पाहिले आहे. लाल झाकणाचा डबा त्यावरच होता.

पुढच्या सव्वा वर्षात ज्या गोष्टी झाल्या, त्या त्या वेळी एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या नाहीत. भाचीच्या नडग्यांचे दुखणे कधी कमी झाले, कधी परत आले. बारावीत ती वर्गात बाकावरून उठताना दोन्ही हात टेकायची. मैत्रिणी तिला ‘बा’ म्हणायच्या, म्हणजे आजी. पळण्याची वेळ दर आठवड्याला ती वहीत लिहायची. उन्हाळ्यापर्यंत वेळ कमी होत गेली. पावसाळ्यानंतर वाढायला लागली. साड्यांची गाठोडी ती डोक्याऐवजी कडेवर घेऊ लागली. नळाचे पाणी वर चढले नाही की खालून हंडा आणायचे काम तिने न बोलता बहिणीवर सोडले. बहिणीला राग आला. पोलीस व्हायचे आणि हंडा उचलत नाही, असे ती शेजारणीला म्हणाली.

बारावीच्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे पुस्तक डोक्यावर धरले आणि खूण केली. खूण मागच्या वर्षीच्या खुणेच्या खाली आली. अर्धे बोट खाली.

मी पुन्हा मोजले. टाचा चौकटीला लावायला सांगितल्या. तेवढीच.

‘मामानी मागल्या साली चुकीचं मोजेल व्हयी,’ दाजी म्हणाले. ‘पेपरवाला शेतस. एवढी चूक तर रोज करतस.’

सगळे हसले. भाचीही हसली. मग ती म्हणाली, ‘मागच्या वेळी मी चप्पल घातली होती, मामा.’

मागच्या वेळी तिने चप्पल घातलेली नव्हती. ओवाळायच्या पाटाजवळ त्या घरात कुणी चप्पल घालत नाही. मी ते बोललो नाही. खुणेशेजारी इयत्ता लिहिली. निळी रेघ आता खुणेच्या खाली अर्ध्याच बोटावर होती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी मनगट मोडले.

हाडांचे डॉक्टर रिंग रोडच्या पलीकडे बसतात. बहीण, भाची आणि मी गेलो. डॉक्टर वयस्क होते, हिंदीत बोलत होते. एक्स-रे पेटीवर लावून त्यांनी बराच वेळ पाहिला.

‘जिन्यावरून पडलीस?’

‘नाही. उंबऱ्यावरून.’

‘किती उंच?’

भाचीने डाव्या हाताची वीत दाखवली. त्यांनी पुन्हा एक्स-रेकडे पाहिले.

‘याआधी काही मोडलंय?’

‘नाही.’

‘दूध पितेस?’

‘नाही. ॲलर्जी आहे.’

‘आवडत नाही की ॲलर्जी?’

‘इंजेक्शनवाली,’ भाची म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. कधीपासून, असे विचारले. आठव्या महिन्यापासून, असे बहिणीने सांगितले. मग त्यांनी विचारले, दुधाऐवजी काय देता? बहिणीला प्रश्न कळला नाही. तिने काय काय देत नाही ते सांगायला सुरुवात केली. पेढा नाही, पनीर नाही, बिस्किट मामाने वाचल्याशिवाय नाही. डॉक्टरांनी तिला थांबवले नाही. ती आपोआप थांबली.

‘कॅल्शियम? ड जीवनसत्त्व? कधी काही दिलं?’

बहिणीने माझ्याकडे पाहिले.

‘लिहेल होतं,’ ती म्हणाली. ‘दूधमा घ्यायचं होतं. म्हणून नही दिधं.’

मी डॉक्टरांना हिंदीत सांगितले. पुड्या, आठ आठवडे, दुधाबरोबर. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बहिणीकडे.

‘पाण्यातून चालते,’ ते म्हणाले. ‘बहुतेकांना दुधाबरोबर सांगतात, ती सवय आहे. पाण्यातून, जेवणानंतर, काहीच अडचण नव्हती.’

बहीण म्हणाली, ‘पानीमा?’

‘पाण्यातून.’

डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि दोन तपासण्या लिहिल्या: रक्तातले ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता. हाडांत साठा भरायचा काळ हाच असतो, वाढीची वर्षे, असे ते लिहिता लिहिता म्हणाले. विशीनंतर फारसा भरत नाही. आणखी कुठे दुखते का, असे त्यांनी भाचीला विचारले.

‘नाही,’ भाची म्हणाली.

‘पाठ?’

‘नाही.’

‘मंग उठतांना भिंतले हात काब्र लावस?’ बहिणीने विचारले.

‘सवय आहे, मम्मी.’

डॉक्टरांनी तिला पाठीवर बोटाने दाबून पाहिले. बरगड्या संपतात त्याच्या थोडे खाली दाबल्यावर तिने श्वास धरला. तिने नाही म्हणणे सोडले नाही. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रेही लिहिला. तो मनगटाची सूज उतरल्यावर, सगळ्या तपासण्यांबरोबर करा, म्हणाले. पळणे पूर्ण बंद.

‘किती दिवस?’ भाचीने विचारले.

‘आधी बघू दे.’

‘अठरा पूर्ण झाले की भरतीचा फॉर्म भरायचाय. दौड असते.’

‘आधी बघू दे,’ डॉक्टर पुन्हा म्हणाले.

घरी आल्यावर बहिणीने स्टुलावर चढून लाल झाकणाचा डबा खाली काढला. त्यात वरती एक चॉकलेट होते, दिवाळीतले सोनपापडीचे अर्धे खोके होते, पूजेचा सुकलेला पेढा होता. खाली, तळाशी, औषधाच्या दुकानाची पिशवी होती, रबराने बांधलेली. आत आठ पुड्या. एकही उघडलेली नव्हती. बहिणीने त्या ओळीने चटईवर मांडल्या. प्रत्येकीवर छापलेली मुदत मी वाचली. संपून काही महिने झाले होते.

‘मी नीट ठेवेल होत्या,’ बहीण म्हणाली. ‘तिना हातले लागू नही म्हणून.’

भाचीने एक पुडी उचलून उलटसुलट पाहिली.

‘यात दूध आहे का, मामा?’

मी मागचे बारीक अक्षर वाचले. साखर, रंग, औषध. दूध नव्हते.

‘नाही.’

‘मग डब्यात कशाला होती?’

भाचीने पुडी परत ओळीत ठेवली, इतर पुड्यांच्या रेषेत, बोटाने सरळ करून.

रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला. ड जीवनसत्त्वाच्या आकड्याखाली प्रयोगशाळेने ‘तीव्र कमतरता’ असे छापले होते. हाडांची घनता मोजायचे यंत्र अठवा लाइन्सकडच्या एका केंद्रात होते. भाची त्या टेबलावर पंधरा मिनिटे पडून राहिली आणि यंत्राचा वरचा दांडा तिच्यावरून सरकत गेला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, काहीच झाले नाही, झेरॉक्ससारखे होते. अहवालात एक आलेख होता. तिच्या वयाच्या मुलींचा पट्टा वर, आणि तिचा ठिपका पट्ट्याच्या खाली. शेवटच्या ओळीत, वयाच्या मानाने अपेक्षित मर्यादेपेक्षा कमी, असे लिहिले होते. मी ते मराठीत वाचून दाखवले. दाजींनी विचारले, कमी म्हणजे किती? मी ठिपका दाखवला. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवले आणि ते म्हणाले, ‘हायी मशीन बरोबर शे ना? मामानी मोजेल नही ना?’ या वेळी कुणी हसले नाही.

आहारतज्ज्ञ बाई त्याच इमारतीत होत्या. त्यांनी भाचीला आठवडाभर काय खाल्ले ते सांगायला लावले. पोळी, बटाटा, भात, वरण, काळा चहा, शेव, पोळी, बटाटा.

‘नागली?’

‘काळी असते.’

‘हो. काळी असते. तीळ? राजगिरा? शेवग्याचा पाला?’

‘पाला पण खातात?’ भाचीने विचारले.

‘तुमच्या आज्या खायच्या,’ बाई म्हणाल्या. ‘बारीक मासे, काट्यासकट?’

‘काटा घशात अडकला तर?’

‘बेटा, दुधाला घाबरलीस ते बरोबर. सगळ्यालाच घाबरू नकोस.’

त्यांनी एक कागद लिहून दिला. पुड्या नव्या घ्यायच्या, पाण्यातून, जेवणानंतर. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. कंपनी बदलायची असेल तर आधी विचारायचे, कारण काही गोळ्यांत दुधातली साखर असते. सकाळी दहा-अकराला गच्चीवर उन्हात बसायचे, हातपाय उघडे ठेवून. कागदाच्या शेवटी मी त्यांना विचारून मराठीत दोन शब्द लिहिले: दूध नको.

भाचीने पहिली पुडी रविवारी दुपारी जेवणानंतर घेतली. दाजी सुटीवर होते. बहिणीने पाणी उकळून, गाळून, थंड केले, कारण तिला खात्री वाटत नव्हती. पेल्यात पुडी सोडल्यावर पाणी किंचित पिवळसर झाले. बहीण तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मी घड्याळाकडे पाहत होतो. उष्टावणाच्या वेळी जेवढी मिनिटे लागली होती, तेवढी गेली. मग त्याच्या दुप्पट गेली.

‘संत्र्यासारखी लागते,’ भाची म्हणाली. ‘बस? एवढंच?’

‘एवढंच,’ मी म्हणालो.

पाठीचा एक्स-रे दुसऱ्या दिवशी होता. सोमवारी सकाळी अकरा वाजता तो काढला. दुपारी दीड वाजता अहवाल हातात आला. त्यात पाठीच्या खालच्या भागातले दोन मणके पुढच्या बाजूने दबलेले आहेत, असे लिहिले होते. एक जुना असावा, दुसरा अलीकडचा. मणके दबले की उंचीही घटते, असे सांगून डॉक्टरांनी कमरेला बांधायचा पट्टा लिहून दिला. वजन उचलायचे नाही, वाकायचे नाही. दौडीबद्दल भाचीने विचारले. या वर्षी नाही, असे ते म्हणाले. मणके पुन्हा होते तसे होतील का, असे बहिणीने मला विचारायला लावले. उरलेले वाचवायचे आहेत, असे ते म्हणाले.

घरी आल्यावर भाचीने पट्टा काढून चटईवर ठेवला, चप्पल दाराबाहेर काढली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. भाऊबीज नव्हती. दाजींनी फळीवरचे पुस्तक माझ्या हातात दिले. मी ते तिच्या डोक्यावर आडवे धरले. टाचा टेकल्या आहेत की नाही, ते बहिणीने खाली बसून पाहिले. मी खूण केली. पेन्सिलीची खूण निळ्या रेघेवर आली.